दोन्या तोमासाचा खड्डा

दोन्या तोमासा गुडघाभर पाण्यात उभी राहून रश्श्याच्या पातेल्यानं खड्डा उपसत होती, आणि मी काठावर उभी राहून तिला सल्ले देत होते. एक पातेलं बाहेर ओतलं की तेवढंच पाणी खालून परत वर यायचं. मी म्हटलं, जरा भराभर उपसा. तिनं वर बघितलं. तिच्या दोन्ही वेण्यांची टोकं भिजून चिखलात लोळत होती. पातेलं माझ्या पायाशी फेकलं, हाताचा आधार घेऊन वर आली आणि तेलाच्या उलट्या डब्यावर बसली.

"उतर," म्हणाली. "तुझ्या तोंडानं पाणी निघतंय का बघू."

उतरले. बुटांसकट. थोड्या वेळानं माझ्याही लक्षात आलं की हे पाणी आम्ही उपसत नाही आहोत, नुसतं ढवळतोय.

क्लिअरवॉटरमध्ये कुठंही कुदळ मारा, पाणी लागतं. समुद्र शेजारी, जमीन सगळी वाळू. इथल्या शाळेतल्या पोरांना हे माहीत असतं, पण मी अकरावीतच शाळेला राम राम ठोकला. आणि तोमासा ज्या माळावरून आली, तिकडे मेक्सिकोतल्या इदाल्गोत, माणूस विहिरीसाठी आयुष्यभर खणत बसतो आणि शेवटी धूळच लागते. खड्ड्यात पाणी येऊ शकतं हे तिला कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. अशा आम्ही दोघी हुशार, सप्टेंबरात, ऐन पावसाळ्यात, फ्लोरिडाच्या वाळूत भट्टीचा खड्डा खणायला निघालेल्या.

हे सगळं माझ्या तोंडामुळं झालं, ते सांगते.

मोठ्या रस्त्याला आमची दुकानांची रांग आहे. कपडे धुवायचं दुकान, मग माझ्या मामाचं टायरचं दुकान, आणि टोकाला तोमासाचं हॉटेल. नाव 'हसरी टोपी'. नाव आधीच्या मालकाचं, पाटीही त्याचीच: एक निवडुंग, त्याला मिशा, मिशांवर टोपी. आत मीठ कमी खाणारे पेन्शनर गोरे. कुणाचा वाढदिवस असला की तोमासानं त्याच्या डोक्यावर ही एवढी मोठी टोपी घालायची, टाळ्या वाजवायच्या आणि गाणं म्हणायचं. ती हे सगळं करायची, चेहरा मात्र बँकेत रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा.

मी दुपारी रोज तिथं जेवायचे. बरिटो, दुप्पट चीज. चीज म्हणजे ते पिवळंजर्द, पळीनं ओततात ते. मी स्वतःला पक्की मेक्सिकन समजायचे. बापाचं गाव रेनोसा, सरहद्दीला चिकटून. वाढले टेक्सासात. दंडावर गरुडाचं गोंदण, गाडीच्या काचेला झेंडा. एवढं सगळं असल्यावर आणखी काय लागतं?

एक दिवस बरिटोत चीज कमी पडलं. मी भांडायला मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात घुसले. तोमासा डब्यावर बसून मांडीवर ताटली घेऊन जेवत होती. ताटलीत निळसर काळी मक्याची भाकरी, निवडुंगाचे काप, कसल्या तरी पालेभाजीत शिजवलेल्या शेंगा, आणि लालसर आंबट बोंडांची चटणी. मी आयुष्यात असलं काही बघितलं नव्हतं. वास मात्र असा होता की मी कशासाठी आले ते विसरले.

मी विचारलं, "हे कुठल्या देशाचं जेवण?"

चावता चावता ती म्हणाली, "तुझ्या."

मग भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. तो मी उभ्यानं खाल्ला. पुढचा बसून खाल्ला. मग ताटली कधी माझ्या मांडीवर आली आणि कधी रिकामी झाली, मला कळलं नाही. त्या दिवशी तोमासा माझा बरिटो खाऊन राहिली. अर्धा टाकला.

त्यानंतर मी जे काही झाले ना, मलाच माझी लाज वाटते. आठवड्याभरात मी तज्ज्ञ. टायर बदलायला आलेल्या माणसाला मी विचारायचे, तुम्ही बरिटो खाता? खरं मेक्सिकन जेवण कुठलं ते माहीत आहे का तुम्हाला? आईला फोन करून सांगितलं की तू मला वीस वर्षं फसवलंस. आई म्हणाली मग ये आणि स्वतः करून खा. हॉटेलात मिस्टर हास्केल नावाचे एक म्हातारे रोज कुरकुरीत टॅको खायचे, त्यांच्या टेबलाशी उभी राहून मी त्यांना समजावलं की हे जे तुम्ही खाताय ते जेवण नाही, तो अपमान आहे. त्यांनी कानातलं मशीन नीट बसवलं आणि विचारलं, मीठ द्यायला आलीस का.

तोमासानं मला दंडाला धरून आत नेलं. "ते पिवळं चीज खातात म्हणून या खोलीवर छप्पर आहे," ती म्हणाली. "तुझ्या गोंदणावर माझी चूल पेटत नाही."

पण मला ती रोज मागच्या दारानं खायला द्यायला लागली. शेंगा सोलायला बसवायची आणि बोलायची. तिला बोलायला माणूस नव्हतं. नवरा केव्हाच गावी परतला होता, मुलगी लांब शिकागोत. तिचं गाव सान मिगेल, इश्मिकिल्पानच्या माळावर. बाप दोन मेलितोन (आमच्यात मानानं पुरुषाला 'दोन' म्हणतात, बाईला 'दोन्या'), गावचा खड्ड्याचा माणूस. लग्न असो, मयत असो, सणावारी जमिनीतल्या भट्टीत रात्रभर मेंढी शिजवायची ती त्यानंच. आम्ही त्याला बार्बाकोआ म्हणतो. माझ्या टेक्सासात बार्बाकोआ म्हणजे डब्यातलं चिरडलेलं गोमांस, तेही मी आवडीनं खायचे, ते मी तिला सांगितलं नाही. पोरगी असताना तोमासा बापाच्या मागं घायपाताची पानं वाहायची. खड्डा बंद करायची वेळ आली की बायकांनी मागं सरायचं. ती मागं सरायची आणि पुरुषांच्या पायांमधून बघायची.

बाप गेला तेव्हा तिला जाता आलं नाही. कागद नव्हते, गेली असती तर परत येता आलं नसतं. भावानं फोनवर दाखवलं. मध्येच फोन अडकला आणि पडद्यावर बापाचा चेहरा तसाच राहिला. तोमासा म्हणाली, मी फोन बंदच केला नाही, बॅटरी संपेपर्यंत.

क्लिअरवॉटरमध्ये सान मिगेलची अर्धी वस्ती आहे. कुणी छपरं घालतं, कुणी हॉटेलात भांडी घासतं. त्यांतलं कुणीही 'हसरी टोपी'त यायचं नाही. पाटी बघायचे, पिवळं चीज बघायचे आणि म्हणायचे, मेलितोनच्या पोरीनं बापाला विकलं. म्हणून ती तिचं जेवण एकटी, डब्यावर बसून जेवायची.

आता तोंडाचं. दोन क्रेसेन्सियो म्हणजे सान मिगेलच्या लोकांतला मोठा म्हातारा, टायर पंक्चर झाला म्हणून आमच्याकडे आला. इथं आल्यापासून गावदेवाच्या सणाचा खड्डा तोच लावायचा. लांब कुणाच्या तरी शेतावर, उंचावर. या वर्षी पाठीनं दगा दिला होता. यंदा टॅम्पाहून तयार आणावं लागणार म्हणून कुरकुर करत होता. मी टायरचा पाना हातात धरून म्हटलं, दोन्या तोमासा करेल ना.

"टोपीवाली?" म्हातारा म्हणाला.

मी म्हटलं, तिचा बाप दोन मेलितोन होता.

"बाप होता. ती गोऱ्या ग्रिंगोंच्या डोक्यावर टोपी घालते."

यावर मी बरंच काही बोलले. सगळं लिहिण्यासारखं नाही. मामा आतून बाहेर आला, माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि परत आत गेला. म्हातारा शांतपणे ऐकत होता. माझा दम संपल्यावर त्यानं विचारलं, तू कुठली? मी सांगितलं. "टेक्सासवाली," तो स्वतःशीच म्हणाला, म्हणजे आता सगळं स्पष्ट झालं.

मग गाडीत बसताना म्हणाला, "करू दे तिला. पण खड्डा उघडताना सगळं गाव समोर असेल. मांस कच्चं निघालं, तर सान मिगेलचा एक माणूस तिच्या हातची भाकरीसुद्धा घेणार नाही. आत्ता निदान टोपीला नावं ठेवतो. मग तिला ठेवू."

मी उड्या मारत तोमासाला सांगायला गेले. तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि मला बाहेरचं दार दाखवलं. मग दोन दिवस अबोला. मागचं दार बंद. पुढच्या दारानं गेले तर समोर बरिटो आणून आदळायची, न मागता तिप्पट चीज. तो अपमान मी गपगुमान गिळला. चवीला चांगला लागला, हे खरं सांगते. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच टायरच्या दुकानात आली. डोळे सुजलेले.

"जागा बघ," म्हणाली.

जागा मी लगेच शोधली, तिच्या हॉटेलमागं, कुंपणाला लागून, सावलीची. खणलं, आणि मग ते पाणी.

पाण्यातून बाहेर आल्यावर मी डब्याशेजारी बसले. मला वाटलं संपलं. तोमासा त्या डबक्याकडे बघत ओतोमीत, म्हणजे तिच्या माळावरच्या भाषेत, काहीतरी पुटपुटली, बहुतेक बापाशी. मग म्हणाली, जमीन खाली जाऊ देत नसेल तर आपण वर जाऊ. मामाच्या ट्रकनं मी माती आणली, अनेक खेपा. जुन्या विटा आणल्या. तिनं डबकं बुजवून त्यावर विटांचं गोल कडं रचलं आणि भोवती माती लावून लावून चांगला उंच ढीग केला. म्हणजे खड्डा होताच, फक्त जमिनीच्या वर उचललेला. दोन क्रेसेन्सियो काठी टेकत बघायला आला, एक फेरी मारली.

"हा खड्डा नाही," तो म्हणाला. "हे वारूळ आहे."

तोमासा मातीवर थापा मारत राहिली.

पानं आणायचं काम माझं. मांस गुंडाळायला घायपाताची पानं लागतात, चांगली रुंद, मांसल. मी मोठ्या ऐटीत गाडीभर आणली. तोमासानं एक उचललं, मोडलं, आतला बुळबुळीत गर माझ्या गालाला फासला आणि सांगितलं की ही कोरफड आहे, ही तोंडाला लावायची, मेंढीला नाही. मग खरं घायपात कुठं मिळेल तर गोऱ्या म्हाताऱ्यांच्या बागेत. ते शोभेला लावतात. सगळ्यात मोठी झाडं मिस्टर हास्केलच्या अंगणात. मी वाकून पानं कापत होते आणि मागून खाकरल्याचा आवाज आला. मी म्हटलं, सर, झाडाला रोग पडलाय, मोठी पानं काढली नाहीत तर आतलं मरेल. म्हातारा घाबरला. शिडी आणली. माझ्याकडून सगळी रांग साफ करून घेतली, लिंबाचं सरबत पाजलं, आणि त्यानंतर हॉटेलात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला की या मुलीला झाडांचं फार कळतं. अजून फोन येतात मला. कुणाचं लिंबू वाळतंय, कुणाचा गुलाब.

सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारपासून ओकची लाकडं जाळली. विटा तापून पांढऱ्या झाल्या. सान मिगेलची माणसं खुर्च्या घेऊन आली आणि गोल करून बसली, जणू काही कुस्ती आहे. तोमासानं निखाऱ्यांवर रश्श्याचं पातेलं ठेवलं, त्यात हरभरे, तांदूळ, गाजरं, मिरची. वर जाळी. जाळीवर भाजून मऊ केलेली पानं, पानांत मेंढी, मेंढीवर परत पानं. कुणी हात लावायला पुढं आलं नाही आणि तिनंही कुणाला बोलावलं नाही. पुरुष बसलेले, ती एकटी वाकलेली. पत्रा झाकला, कडेनं चिखल लिंपला, वरून माती.

मग मद्रिनेची वेळ. आमच्यात प्रत्येक गोष्टीला धर्माची आई लागते, नाहीतर धर्माचा बाप. बाळाला लागते, लग्नाच्या केकला लागते, नव्या ट्रकला लागते. सान मिगेलवाल्यांत खड्ड्यालाही लागते. तिनं वर क्रूस रोवायचा, घायपाताची ताडी ओतायची, आणि खड्डा तिच्या नावावर. सगळ्यांना वाटत होतं की आता दोन क्रेसेन्सियोला नाहीतर त्याच्या बायकोला मान मिळणार. बायको तर शाल सावरून उभीसुद्धा राहिली होती. तोमासानं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"येसी," ती म्हणाली.

येसी म्हणजे मी, येसेनिया. मी मागं वळून बघितलं, दुसरी कुणी येसी आहे का. नव्हती.

दोन क्रेसेन्सियो म्हणाला, टेक्सासवालीला? तोमासा म्हणाली, हो, तिला.

मी क्रूस रोवला. ताडी नव्हती, बिअर ओतली. सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या, कोमाद्रे, म्हणजे घरातलीच एक, म्हणाले. मी इतकी फुगले की विचारू नका. मला वाटलं, माझ्यात काहीतरी आहे, रक्तातलं, जुनं, आणि ते या बाईनं ओळखलं. त्या ढिगाशेजारी उभी राहून मी फोटो काढले आणि आईला पाठवले. आईनं विचारलं, कोण गेलं?

मद्रिनेचा बाकीचा नियम मला कुणी सांगितला नव्हता. मांस नीट शिजलं तर नाव आचाऱ्याचं. कच्चं राहिलं तर मद्रिनेचा हात थंड.

रविवारी सकाळी चर्चमधली मिसा झाल्यावर गाव आलं. चांगल्या कपड्यांत, पोरंबाळं, सुतार, गवंडी, तुतारीवाले दोघे. तोमासानं नवा एप्रन बांधला होता. गुडघ्यावर बसून तिनं हातानं माती सारायला सुरुवात केली. मी तिच्या बाजूला, मद्रिना म्हणून, धुतलेला शर्ट घालून. पत्रा उचलला. वाफ आली, पण एखाद्या म्हाताऱ्यानं उसासा टाकावा तेवढीच. पानं बाजूला केली. वरची मांडी दिसायला चांगली होती. दोन क्रेसेन्सियोनं काठी माझ्याकडे दिली, वाकला आणि मांडीत बोट घातलं. बोट बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं. लाल.

एक लहान पोरगी रडायला लागली, तिचं वेगळंच काहीतरी होतं. मी तोमासाकडे बघितलं. ती गुडघ्यावर तशीच होती, दोन्ही हात ओल्या मातीत, मान खाली. तिच्याकडे बघून मला कळलं की ती आत्ता इथं नाही, कुठंतरी पुरुषांच्या पायांमागं उभी आहे.

"मद्रिना कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळ्या माना माझ्याकडे. माझ्या तोंडात उत्तरं तयार होती. विटा जुन्या होत्या, तुमच्यातला एकही माणूस लाकूड उचलायला आला नाही, हे फ्लोरिडा आहे, माझ्या हाताचा आणि मेंढीच्या मांडीचा काय संबंध. मी अशी भांडणं रोज सकाळी चहाआधी जिंकते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मला दिसलं की दोष माझा नाही म्हटलं तर तो कुणाचा होणार. तिथं दुसरं कुणीच नव्हतं.

मी काठी खाली ठेवली. म्हटलं, "माझाच हात थंड आहे. लहानपणापासून."

दोन क्रेसेन्सियोनं माझा हात हातात घेतला, उलटासुलटा केला, डॉक्टरसारखा. विचारलं, काल क्रूस रोवताना रागात होतीस? मी म्हटलं, मी रोजच रागात असते. कुणीतरी हसलं. त्याच्या बायकोनं, जिचा मान हुकला होता तिनं, विचारलं, कुणावर मन बसलंय का? त्यानंही मांस कच्चं राहतं. मी म्हटलं, बसलं होतं, तो उठून गेला. आता बरेच हसले.

"मग नाचावं लागेल," बाई म्हणाली. खड्डा रुसला की मद्रिनेनं त्याच्याभोवती नाचून त्याला मनवायचं असतं. हे मला आधी माहीत असतं तर मी टॅम्पाहून तयार आणा म्हटलं असतं. मला नाचता येत नाही. शाळेत असताना एकदा नाचले होते, मग शाळा सोडली. पण तुतारीवाल्यांनी सुरू केलं आणि मी नाचले. जाड बूट, धुतलेला शर्ट, हात कुठं ठेवायचे ते माहीत नाही. पोरं माझ्या मागं नक्कल करत फिरायला लागली. मामा दुकानाच्या दारातून बघत होता, त्यानं शटर अर्धं ओढून घेतलं. मी थांबायला बघितलं की बायका ओरडायच्या, अजून रुसलाय तो, अजून. इतक्या फेऱ्या मारल्या की चक्कर येऊन मी क्रूसासकट पडले.

तोवर तोमासा हलली होती. खालच्या थरातलं मांस हाडापासून सुटत होतं, ते तिनं वाढायला काढलं. वरच्या कच्च्या मांड्या पानांसकट आत नेऊन मोठ्या पातेल्यांत वाफेवर लावल्या. आणि खालून रश्श्याचं पातेलं वर काढलं. रात्रभर मेंढीचा थेंब न् थेंब त्यात पडला होता. पहिली वाटी दोन क्रेसेन्सियोला. तो प्यायला. वाटी पुढं केली, दुसरी घेतली. तिसरी घेताना टोपी काढून मांडीवर ठेवली.

"रस्सा दोन मेलितोनचा आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे काठी रोखून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मांस या टेक्सासवालीनं घालवलं. पुढच्या वेळी दुसरी बघ, तोमासा."

पुढच्या वेळी. तोमासानं ऐकलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी मागं गेले तर ती फ्रीजच्या दाराला कपाळ टेकून उभी होती. मला म्हणाली, कांदा चिर. मी चिरला. मग दोघींनाही रडायला कारण झालं.

आता दर रविवारी सान मिगेलची माणसं 'हसरी टोपी'च्या मागच्या दारानं येतात. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या, ढिगातून वाफ, आणि वाफ म्हणजे वाफ, डोळे उघडत नाहीत. एकदाही कच्चं निघालं नाही. पुढच्या दारानं सोमवार ते शनिवार तेच पिवळं चीज, तीच वाढदिवसाची टोपी. मिस्टर हास्केल एका रविवारी चुकून मागच्या बाजूला आले, रस्सा प्यायले आणि म्हणाले, फार छान, यावर चीज मिळेल का. मी काही बोलले नाही. मी बदललेय, असं मला वाटतं. मामा म्हणतो, नाही.

मला मात्र सगळं गाव 'थंड हात' म्हणतं. लग्नात कुणी मला केक कापू देत नाही. एका बाईनं तान्हं बाळ माझ्या हातातून काढून घेतलं, म्हणे सर्दी होईल. शनिवारी खड्डा बंद करायची वेळ आली की दोन क्रेसेन्सियो मला ओरडून ओरडून रस्त्यापलीकडे पाठवतो. मी जाते. शिव्या देत जाते, पण जाते. कुणी तोमासाच्या हाताबद्दल एक शब्द काढला तर मात्र मी पाना घेऊन परत येईन, हे त्यांना माहीत आहे.

मग जानेवारीत एका सकाळी मी दुकान लवकर उघडलं. एक गिऱ्हाईक गाडी लावून काच उघडी ठेवून गेलं होतं, आणि बघते तर पाण्याची धार सरळ गाडीच्या आत. आमच्या रांगेच्या कडेला गवत आहे, त्याला पाणी मारणारे फवारे रात्रीतून थोड्या थोड्या वेळानं आपोआप सुरू होतात, उजाडेपर्यंत. इथली माणसं पावसाळ्यातही गवताला पाणी घालतात. पण फवारा गवतावर असतो, हा रस्त्याकडे कसा? शिव्या घालत मागं गेले. कुंपणाच्या मुळाशी फवाऱ्याचं तोंड वळवून खांबाला बांधून टाकलेलं. दोरी कसली, तर घायपाताच्या पानाची, वाळून लाकूड झालेली. मी सुरीनं कापली. तोंड गर्रकन फिरलं आणि पाणी थेट ढिगाच्या डोक्यावर पडायला लागलं, जिथं क्रूस असतो तिथं.

मी तशीच भिजत उभी राहिले. मग पळत स्वयंपाकघरात.

तोमासा भाकऱ्या थापत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. माझा हात थंड नाही. पाणी होतं ते, रात्रभर मुरलं, निखारे विझले. आत्ता दोन क्रेसेन्सियोला फोन लावते, सगळ्या गावासमोर माफी मागायला लावते. तिनं भाकरी उलटली. जागा कुणी शोधली होती, हे आठवायला मला आणखी दोन भाकऱ्या लागल्या. फोन खिशात ठेवला.

ती म्हणाली, आधी जाऊन ते परत बांधून ये, आज शनिवार आहे.

दारापर्यंत गेले आणि वळून विचारलं, तुम्ही ते बांधलं कधी?

"त्याच रविवारी," ती म्हणाली. "तू नाचत होतीस तेव्हा."